बुधवारचा रविवार

आमच्या शेडला सुट्टी बुधवारी.
मालकानं कधीतरी विजेचा हिशेब बघून धरलेला वार,
तोच चालत आलाय.
म्हणून रविवारी साडेनऊला
कॅम्पातल्या देवळात पहिलं गीत सुरू होतं तेव्हा
मी उद्यमबागेत भट्टीपुढं उभा,
तोंडाला फडकं, पायात जाड बूट.
लॅडल तिरकी करताना फडक्याआड ओठ हलतात.
इराप्पा ओरडतो, "एन अंतीपा?"
काही नाही म्हणतो मी,
दुसरं कडवं आठवत नाही.

तिकडं सुनीती डावीकडच्या चौथ्या बाकावर
माझी जागा गीतपुस्तक ठेवून धरते,
एसटीत रुमाल टाकावा तशी.
पाळकसाहेब बघतात, विचारत नाहीत.
विचारलं असतं तर बरं झालं असतं,
कारण रविवारची हजेरी दीडपट,
आणि दशांश मी त्या दीडपटीतूनच काढतो,
कोऱ्या नोटा निवडून, पाकिटात घालून,
जसा कुणी माझं खातं तपासणार आहे.

बुधवारी दाढी, इस्त्रीचा शर्ट,
आणि सायकलच्या दांडीला गळाची काठी.
आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
माझी प्रार्थना त्यामुळं अशीच सुरू होते:
येतो बापा, खरं मार्कंडेयला आज पाणी चांगलं आहे.

देऊळ बंद असतं.
नथनेलमामा मागच्या खोलीतून किल्ल्या घेऊन येतो,
काठीकडं बघतो.
"हिला बाहेर ठेव. आत मासे न्हाईत."

रिकामे बाक. पेटीवर कापड.
वर कुठंतरी एक कबूतर, तेवढीच मंडळी.
मी डोकं खाली घालून सुरुवात केली:
आईचा गुडघा, रूथची फी,
इराप्पाचा भाजलेला हात,
आणि त्या हातापाशीच कधीतरी
झोप लागली.

अशी झोप घरी लागत नाही.
घरी पडलो की नळाला पाणी येतं,
कोण गॅस संपला म्हणतं, कोण फोन करतं,
आणि कोणी काही म्हटलं नाही तर मीच उठतो,
दिवसाढवळ्या झोपलास होय, असं मलाच म्हणून.

जागा झालो तर बारा वाजून गेलेले.
सगळं देऊळ झाडून झालेलं.
माझ्या बुटांभोवती तेवढी धूळ तशीच,
दोन पावलांच्या आकाराची.
मला शरम वाटली. "मामा, उठवायचं की."
तो केरसुणी आपटत म्हणाला,
"ओतल्या ओतल्या साचा फोडतोस काय तू?"

मी विसरलोच होतो,
तीस वर्षं तोही वाळूत राबलाय.
लोखंड एकदा साच्यात गेलं
की त्याच्यावर मालकाचंसुद्धा चालत नाही.
घाई केली की तडा.
तेवढ्या वेळात आम्ही चहा पितो, गप्पा हाणतो,
इराप्पा गुळाचा खडा वाटतो.
त्या वेळेचा पगार कुणी कापलेला नाही,
आणि इतक्या वर्षांत मी तो
फुकटचा म्हणून मोजलेलाही नाही.

घरी कपाटाला रूथचं चित्र चिकटवलंय,
रविवारच्या शाळेतलं.
वादळ, नाव, माणसं हात वर करून ओरडतायत
आणि नावेच्या मागच्या टोकाला एकजण गाढ झोपलेला.
लाटांपर्यंत येईतो तिचा निळा खडू संपला.
उशी मात्र तिनं सावकाश भरलीय,
लाल फुलाफुलांची,
आमच्या पलंगावर आहे तशी.

नदीवर पोचलो तोवर ऊन चढलेलं,
कणकेच्या गोळ्या वाळून खडे झालेल्या.
दोन बोटांएवढा एक लागला, तो सोडून दिला.
बाकी वेळ पाण्याकडं बघत बसलो.
त्यातलं किती प्रार्थनेत धरायचं, माहीत नाही.

संध्याकाळी सुनीतीनं विचारलं,
"देवळात गेलता, का नदीला?"
"दोन्हीकडं. खरं..."
पुढचं ऐकायला ती थांबली नाही.
उद्या पहिली पाळी, डबा सहाला.
मागच्या दारी उशीचा अभ्रा वाळत होता
आणि रूथ त्याच्यावरची फुलं मोजत होती,
मधेच चुकून, पुन्हा पहिल्यापासून.